पुरुषांची वाढलेली छाती: ऑपरेशन कोणाचं, कधी आणि कसं

जिमला नव्याने येणाऱ्या पोराची छाती पुढे आलेली दिसली की ट्रेनर इन्क्लाइन प्रेस आणि डंबेल फ्लाय लावून देतो. चार-सहा महिन्यांत पोट उतरतं, दंड भरतात, चेहरा बारीक होतो. आणि टी-शर्टातून दिसणारे ते दोन उंचवटे पूर्वीपेक्षा जास्तच उठून दिसायला लागतात. पोरगा खचतो. ट्रेनर म्हणतो, 'अजून मार, जाईल.' व्यायामाने त्याचं काम चोख केलेलं असतं. आजूबाजूची चरबी घटवलेली असते, खालचा स्नायू फुगवलेला असतो. पण पुढे दिसणारी वस्तू चरबीही नसेल आणि स्नायूही नसेल, तर तिच्यावर बेंच प्रेसची मात्रा चालणार कशी? ती असते स्तनग्रंथी. पुरुषात ती वाढली की डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात, जिमच्या भाषेत नुसतं 'गायनो'.

प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्रामागे थोडीशी ग्रंथी जन्मापासून असतेच. इस्ट्रोजेन तिला वाढवतं, टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन तिला आवरून धरतात. इस्ट्रोजेन हे फक्त बायकांचं हार्मोन असल्याचा समज आहे, तो खरा नाही. पुरुषाच्या अंगातही ते असतं, आणि त्यातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं. अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम हा बदल घडवतं आणि ते चरबीच्या पेशींमध्ये भरपूर असतं. त्यामुळे वजन वाढलं की इस्ट्रोजेनही वाढतं. म्हणजे लठ्ठ माणसाच्या छातीवर नुसती चरबी साठते असं नाही, ती चरबी ग्रंथीलाही खतपाणी घालते. बहुतेकांच्या छातीत म्हणूनच दोन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात सापडतात.

यातलं काय किती आहे, हे ओळखण्याची पहिली पद्धत अगदी साधी आहे. डॉक्टर तुम्हाला पाठीवर झोपवतात, हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. मग अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राच्या दिशेने जवळ आणतात. नुसती चरबी असेल तर बोटं विनाअडथळा स्तनाग्रापर्यंत पोचतात. ग्रंथी असेल तर बरोबर मधोमध, काळसर गोलाच्या खाली, घट्ट, रबरी, थोडी हलणारी चकती बोटांत येते. ती नवी असेल तर दाबल्यावर दुखतेही. नुसत्या चरबीच्या छातीला 'स्यूडो' म्हणजे खोटा गायनेकोमास्टिया म्हणतात, आणि तिथे वजन उतरवणं हाच पहिला उपाय.

बोटांना आणखी एका गोष्टीचा शोध घ्यायचा असतो. चकती मधोमध नसून एका कडेला असेल, एकाच बाजूला असेल, कडक आणि खालच्या थराला चिकटलेली असेल, वरची त्वचा आत ओढली गेली असेल, स्तनाग्रातून रक्ताळ पाणी येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी मॅमोग्राफी आणि बायोप्सी करून घ्या. पुरुषांना स्तनाचा कर्करोग होतो. एकूण स्तनकर्करोगांत त्यांचा वाटा साधारण १ टक्का, म्हणजे दुर्मिळच. पण 'बाप्याला कसला आलाय स्तनाचा कॅन्सर' या समजुतीपायी पुरुष डॉक्टरकडे उशिरा पोचतात, हे खरं दुखणं आहे.

आधी कारण, मग चाकू

ही वाढ आयुष्यात तीन वेळा अगदी स्वाभाविकपणे होते. नवजात बाळात आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे, आणि ती काही आठवड्यांत ओसरते (बाळाची छाती पिळून 'दूध काढण्याची' जुनी पद्धत अजून काही घरांत आहे, ती कृपा करून थांबवा, त्यातून पू होतो). दुसऱ्यांदा वयात येताना. तिसऱ्यांदा पन्नाशी-साठीनंतर, टेस्टोस्टेरॉन घटत जातं आणि पोट वाढत जातं तेव्हा.

यातला मधला टप्पा सर्वांत जास्त छळतो. निम्म्याहून अधिक मुलांना वयात येताना थोडीफार वाढ होते, तेरा-चौदाव्या वर्षी ती सर्वांत जास्त असते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. गोष्ट साधी, पण शाळेच्या वर्गात ती साधी राहत नाही. पोरं चिमटे काढतात, नावं ठेवतात. मग मुलगा पोहायला जायचं टाळतो, दप्तर पोटाशी धरून चालतो, खांदे पुढे वाकवून बसतो. आईवडिलांना वाटतं पोरगा पोक काढतोय. अशा मुलाला ऑपरेशनपेक्षा आधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं असतं की हे बऱ्याच मुलांना होतं, त्याच्या पुरुषपणात काही खोट नाही, आणि बहुधा हे जाणार आहे. माझं मत विचाराल तर चौदा वर्षांच्या मुलाला घाईघाईने टेबलावर घेणारा सर्जन टाळावा, आणि बावीस वर्षांच्या मुलाला 'लग्न झालं की जाईल' म्हणणारे काकाही टाळावेत. वर्ष-दोन वर्षं टिकलेल्या ग्रंथीत तंतुमय, चिवट ऊती तयार होते. ती मग स्वतःहून जात नाही आणि गोळ्यांनाही दाद देत नाही.

वयाचं कारण नसेल तर औषधांची यादी तपासायची. पोटात पाणी झालेल्यांना आणि हृदयरोग्यांना देतात ते स्पिरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठीचं फिनास्टेराइड (केस गळू नयेत म्हणूनही तरुण मुलं हेच घेतात) आणि बायकॅल्युटामाइड, मानसिक आजारातलं रिस्पेरिडोन, बुरशीवरचं कीटोकोनॅझोल, जुनं अ‍ॅसिडिटीचं सिमेटिडीन, एचआयव्हीवरचं एफाविरेन्झ, ही त्यातली ठळक नावं. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. पर्याय बहुधा असतो. दारूने यकृत बिघडलं, मूत्रपिंडं निकामी झाली, थायरॉइड वाढला तरी छाती वाढते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर अन्न मिळू लागलं, तेव्हा त्यांच्यातही अनेकांच्या छात्या वाढल्या होत्या. उपासमारीत झोपी गेलेली हार्मोनची यंत्रणा पुन्हा जागी होताना हे घडतं, जवळजवळ दुसऱ्यांदा वयात आल्यासारखं.

आणि मग बॉडीबिल्डिंगची इंजेक्शनं. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन घेतलं की अ‍ॅरोमटेज त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन करून टाकतं, आणि इकडे शरीराचा स्वतःचा कारखाना बंद पडतो. कोर्स थांबला की पुरुषी हार्मोन तळाला जातं आणि छातीत चकती धरते. डॉक्टर विचारतील तेव्हा ही गोष्ट लपवू नका. ते घरी सांगणार नाहीत, पण कोर्स चालूच राहणार असेल तर ऑपरेशननंतर उरलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते, हे त्यांना धरून चालावं लागतं.

तपासण्यांत यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या साध्या रक्तचाचण्यांबरोबर टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि बीटा एचसीजी बघतात. शेवटचं नाव वाचून हसू येईल, कारण ती गरोदरपणाची टेस्ट म्हणून माहीत असते. पण वृषणाच्या काही गाठी तेच हार्मोन तयार करतात, आणि तरुण मुलात छाती वाढणं ही अशा गाठीची पहिली खूण असू शकते. म्हणून छाती दाखवायला गेल्यावर डॉक्टरांनी पँट उतरवायला सांगितली तर बिचकू नका. वृषण न तपासणारे डॉक्टर अर्धवट तपासणी करताहेत, असं खुशाल समजा. वृषण फारच लहान असतील तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त असल्याचा, विचार होतो. तिथे छाती वाढते आणि स्तनकर्करोगाचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो.

वाढ नवी आणि दुखरी असेल तर काही डॉक्टर इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या तीन-सहा महिने देऊन पाहतात. काहींना चांगला फरक पडतो. जुन्या, घट्ट चकतीवर पडत नाही. आणि छातीला चोळायची जी क्रीमं ऑनलाइन मिळतात, त्यांनी ग्रंथी विरघळत नाही. तो पैसा ऑपरेशनसाठी ठेवा.

टेबलावर नेमकं काय होतं

हे ऑपरेशन नवं नाही. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल नावाच्या वैद्याने ते लिहून ठेवलं आहे: स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा आणि आतलं काढून टाके घालायचे. स्तन फार ओघळलेला असेल तर दोन चंद्रकोरी टोकांना जुळवून मधली त्वचाही काढायची. मोठ्या स्तनासाठी आजही मूळ विचार तोच आहे. फरक पडला तो व्रण लपवण्यात. १९४६ मध्ये अमेरिकी सर्जन वेब्स्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर गोलाच्या कडेने अर्धवर्तुळाकार छेद घेण्याची पद्धत मांडली. काळा रंग आणि गोरा रंग जिथे बदलतो त्या रेषेत व्रण मिसळून जातो. १९८० च्या दशकात त्याला लायपोसक्शनची, म्हणजे नळीने चरबी ओढून घेण्याची, जोड मिळाली. आज बहुतेक ठिकाणी या दोन्हींचं मिश्रण चालतं.

किती मोठं ऑपरेशन लागेल, ते १९७३ च्या सायमन वर्गीकरणावरून ढोबळमानाने ठरतं. पहिल्या ग्रेडमध्ये लहानशी वाढ, जास्तीची त्वचा नाही. दुसऱ्यात मध्यम वाढ, तिचे दोन पोटभाग: त्वचा सैल नसलेला आणि थोडी सैल असलेला. तिसऱ्यात मोठी वाढ आणि बाईसारखी ओघळलेली त्वचा. नीट पाहिलं तर ही वर्गवारी ग्रंथीपेक्षा त्वचेबद्दल जास्त बोलते, आणि ते बरोबरच आहे. आतला ऐवज काढता येतो. वर उरलेल्या कातडीचं काय करायचं, हा अवघड प्रश्न.

ऑपरेशनच्या दिवशी पहिलं काम पेनचं. तुम्हाला उभं करून सर्जन मार्करने छातीवर रेषा आखतात: छातीखालची घडी, उंचवट्याची हद्द, काखेकडे गेलेली चरबी. हे उभ्यानेच करावं लागतं, कारण झोपल्यावर सगळं बाजूंना पसरतं आणि मूळ आकार कळेनासा होतो. याच वेळी दोन्ही बाजूंत असलेला फरक आरशात दाखवायला सांगा. बहुतेकांची डावी आणि उजवी बाजू सारखी नसतेच, आणि ऑपरेशननंतर ते प्रथमच लक्षात आलं की खापर सर्जनवर फुटतं.

भूल पूर्ण देतात किंवा गुंगी देऊन जागा बधिर करतात. मग छातीत त्वचेखाली एक द्रावण सोडतात: सलाईन, बधिर करणारं लिग्नोकेन, आणि एका लिटरला साधारण एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. छाती तट्ट फुगते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा पांढुरकी पडते. म्हणूनच पुढे रक्त फारच थोडं जातं. काखेच्या घडीत किंवा छातीखाली तीन-चार मिलिमीटरचं छिद्र पाडून त्यातून बारीक, बोथट नळी आत घालतात आणि पुढे-मागे फिरवत चरबी ओढून घेतात. अल्ट्रासाउंडच्या लहरींनी चरबी आधी सैल करणारी यंत्रं आली आहेत, जाहिरातींत त्यांचाच बोलबाला असतो. चिवट चरबीत त्यांचा उपयोग होतो, पण नळी धरणारा हात कोणाचा आहे हे यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

लायपोसक्शनने सगळं काम का भागत नाही? शहाळ्यात स्ट्रॉ घातली की पाणी ओढता येतं, मलई नाही. ती खरवडूनच काढावी लागते. ग्रंथीचं तसंच आहे. म्हणून चरबी काढून झाल्यावर काळसर गोलाच्या खालच्या कडेने, घड्याळातल्या नऊपासून सहावरून तीनपर्यंत, छेद घेतात आणि चकती सुटी करून बाहेर काढतात. हातात आल्यावर ती पांढरट-पिवळसर, चिवट, कडेला चरबीची झालर असलेली दिसते.

आणि इथे कसब लागतं. पाहणाऱ्याला वाटेल, सगळं खरवडून काढलं की झालं. तसं केलं तर स्तनाग्र आधाराविना खालच्या स्नायूला चिकटतं आणि छातीवर बशीसारखा खळगा पडतो. हात वर केला की तो आणखी खोल जातो. ही विकृती मूळ दुखण्यापेक्षा वाईट दिसते आणि दुरुस्त करायला महाकठीण, कारण मग दुसरीकडची चरबी आणून भरावी लागते. म्हणून सर्जन स्तनाग्राखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवतात. त्यातूनच स्तनाग्राला रक्तपुरवठाही होतो. छातीच्या त्वचेखालचा चरबीचा पातळ थर आणि स्नायूवरचं आवरणही राखतात. 'डॉक्टरांनी थोडी गाठ आत ठेवली' अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ती चुकून राहिलेली नसते.

त्वचा घट्ट असेल तर इथे काम संपतं. तरुण त्वचा पुढच्या काही महिन्यांत आकसून छातीला बसते. तिसऱ्या ग्रेडमध्ये, किंवा खूप वजन उतरवलेल्या माणसात, ती बसत नाही. तेव्हा काळसर गोलाभोवतीची कड्यासारखी पट्टी काढतात. त्याहून मोठ्या स्तनात छातीखाली आडवा लांब छेद घेऊन कातडी कमी करतात आणि स्तनाग्र वर नव्या जागी बसवतात, कधी तर पूर्ण सुटं करून कलम लावतात. कलम केलेल्या स्तनाग्राची संवेदना बहुतांशी जाते आणि लांब व्रण कायम राहतो. सपाट छातीच्या बदल्यात हा व्रण पत्करायचा की नाही, ते रुग्णाने ठरवायचं. घरच्यांनी नाही.

काढलेली ऊती पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे, दोन्ही बाजूंची वेगवेगळ्या डब्यांत. कर्करोग क्वचितच निघतो, पण तपासल्याशिवाय फेकून देणं बरोबर नाही. रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावा.

नंतरचे दिवस

लहान-मध्यम ऑपरेशन असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. कधी एक-दोन दिवस आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते. छातीवर घट्ट प्रेशर जॅकेट चढवतात, ते चार ते सहा आठवडे अंगावर असतं. आपल्याकडच्या उकाड्यात हाच सगळ्यात कटकटीचा भाग, म्हणून जमलं तर ऑपरेशन थंडीत घ्या. दुखणं साध्या गोळ्यांनी आवरतं. टेबलावर बसून करायचं काम आठवड्याभरात सुरू होतं. वजन उचलणं आणि छातीचा व्यायाम चार ते सहा आठवडे बंद.

पहिल्या दोन आठवड्यांत आरशात पाहून निराश होऊ नका. सूज इतकी असते की 'काहीच काढलं नाही' असं वाटतं. काळे-निळे डाग पोटाकडे उतरतात, स्तनाग्राभोवती बधिरपणा असतो, आतून कडक गोळे लागतात. हे हळूहळू जातं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो.

वाट न पाहण्यासारख्या गोष्टीही आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, ताणल्यासारखी दुखू लागली, तर आत रक्त साठलं आहे. ही या ऑपरेशनची सर्वांत नेहमीची लवकरची गुंतागुंत, आणि सर्जनला रात्रीही फोन करावा अशी. ताप, लालसरपणा, पू ही जंतुसंसर्गाची लक्षणं. स्तनाग्र काळं पडू लागलं तर रक्तपुरवठा तुटतोय. हे विरळ, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत धोका वाढतो, म्हणून ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही धूम्रपान बंद. काहींत पाणी साठतं, ते सुईने काढता येतं. छातीची त्वचा जाड व्रण धरणारी आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत केलॉइडची, म्हणजे फुगून वाढत जाणाऱ्या व्रणाची, शक्यता अधिक. कान टोचल्यावर किंवा लस दिलेल्या जागी फुगीर व्रण आलेला असेल तर आधीच सांगा. रक्त पातळ करणारी औषधं, अ‍ॅस्पिरिन, आणि 'साधं आयुर्वेदिक आहे' म्हणून घेत असलेली पावडरसुद्धा यादीत लिहा.

सर्जन निवडताना एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाहा. त्यांनी केलेल्या रुग्णांचे फोटो मागा, तेही सहा महिन्यांनंतरचे आणि हात वर केलेले. कारण खळगा तिथेच दिसतो. 'अर्ध्या तासात, बिनटाक्याचं, शंभर टक्के गॅरंटी' असं कोणी म्हणालं तर उठून या. पुन्हा थोडी दुरुस्ती लागली तर तिचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. वैद्यकीय तपासणीत गायनेकोमास्टियामुळे अपात्र ठरवलं जाऊ शकतं, आणि हे बऱ्याच जणांना मैदान मारून झाल्यावर, अगदी शेवटच्या पायरीवर कळतं. छातीत चकती लागत असेल तर भरतीची जाहिरात येण्याआधी दाखवा, कारण ऑपरेशन करायचं ठरलं तर व्रण भरायला आणि पुन्हा धावायला वेळ हवा.

राहिला विमा. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते, मात्र डॉक्टरांनी वैद्यकीय गरज दाखवली तर विचार होऊ शकतो. त्यामुळे दुखत असल्याची नोंद, सोनोग्राफी, हार्मोनचे रिपोर्ट आणि ग्रेड लिहिलेलं सर्जनचं पत्र, हे सगळं ऑपरेशनच्या आधी जमवून कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी घ्या. नंतर बिल पाठवून भांडत बसण्यात हशील नाही.